सोनेरी मोर, बनावट ठेवी

सप्टेंबर २००८मध्ये हैदराबादच्या 'सत्यम कॉम्प्युटर्स'ला उत्तम कंपनी कारभाराचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. त्याच महिनाअखेरच्या ताळेबंदात कंपनीने रोख आणि बँकेतली शिल्लक दाखवली ५,३६१ कोटी रुपये. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी लेखी कबुली दिली, की त्यातले ५,०४० कोटी मुळात नाहीतच. पुरस्कार काढून घेतला गेला, पण तोवर भागधारक पुरते बुडाले होते.

परीक्षक झोपा काढत होते? मला तसं वाटत नाही. अशा बहुतेक पुरस्कारांसाठी कंपनीच अर्ज करते, प्रश्नावली भरते, कागद जोडते. आचारसंहिता? आहे. संचालक मंडळ? त्यात थेट हार्वर्डचे प्राध्यापक. लेखापरीक्षक? प्राइस वॉटरहाउस. पैकीच्या पैकी गुण! पण मुदत ठेवींच्या पावत्याच बनावट होत्या आणि ७,०००हून जास्त विक्री-बिलं न झालेल्या कामांची होती. हे पकडायचं तर कंपनीला मध्ये न घेता बँकेलाच विचारावं लागतं. तिथे लेखापरीक्षकही कमी पडले; पुरस्कारवाले तर त्या वाटेला जातच नाहीत. ज्याला लबाडीच करायची आहे, तो कागद सगळ्यात नीटनेटके ठेवतो.

अमेरिकेतल्या 'एथिस्फिअर'च्या नैतिक कंपन्यांच्या यादीसाठीही कंपन्याच अर्ज करतात, शुल्क भरतात. एवढ्यावरून यादी खोटी ठरत नाही. पण ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांच्याबद्दल ती गप्प असते.

मग पाहायचं कुठे? माझं मत विचाराल तर पुरवठादारांच्या बिलांकडे. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकवावे लागतात, आणि थकलेली रक्कम कंपनीला वार्षिक हिशेबात दाखवावी लागते. पण ती असते शेवटच्या टिपांमध्ये, बारीक अक्षरांत. नैतिकतेचं प्रकरण पुढे, गुळगुळीत कागदावर. शिवाय तो आकडाही कंपनीनेच लिहिलेला. भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्याला मात्र टिपा वाचाव्या लागत नाहीत. कोणाचं पेमेंट वेळेवर येतं आणि कोणाच्या अकाउंट्समध्ये 'साहेब सुटीवर' असतात, हे त्याला तोंडपाठ असतं. परीक्षकांनी अशा दहाजणांना फोन लावावेत. फक्त नंबर कंपनीकडून घेऊ नयेत.