साधं गळू, हुडहुडी भरून ताप आणि रक्तात पसरलेला जंतू : घरच्यांनी काय ओळखावं?

आमच्या मामूंना शुगर आहे. रमजानच्या थोडं आधी त्यांच्या पिंढरीवर गळू आलं. घराघरात होतं तेच आमच्याकडे झालं. कुणी कांदा भाजून बांधला, कुणी हळदीचं पोटीस लावलं, शेवटी मामूंनीच सुई गरम करून ते फोडलं. चार दिवसांनी भर दुपारी त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या अंगावर घातल्या तरी दात वाजत होते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, ताप उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. कंबर दुखते म्हणाले, तर आम्ही समजलो की पोती उचलली असतील. तिसऱ्या रात्री ते मुमानीलाच ओळखेनात, तेव्हा कुठे गाडी बोलावली.

दवाखान्यात रक्ताची तपासणी झाली आणि एक लांबलचक नाव कळलं : स्टॅफिलोकोकस ऑरियस. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण त्या दोन महिन्यांत जे समजून घ्यावं लागलं, ते आधी माहीत असतं तर तीन दिवस वाया गेले नसते. म्हणून हे लिहीत आहोत.

हा जंतू आहे तरी कोण?

हा काही परका जंतू नाही. साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात तो असतो आणि काही त्रास देत नाही. स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे गोल गोल जंतू दिसले. १८८२ मध्ये त्यांनी ग्रीक भाषेतल्या घोसाच्या शब्दावरून त्याला स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण प्रयोगशाळेत वाढवला की त्याचा रंग सोनेरी पिवळा दिसतो.

कातडी शाबूत आहे तोवर तो बाहेर असतो. गळू, नखुरडं, चिघळलेली जखम, डायबेटीसच्या पायावरचा फोड, सलाईनची सुई, डायलिसिसची नळी, ऑपरेशनचे टाके, यातून त्याला वाट मिळते. बहुतेक वेळा तो तिथेच अडतो, पू होतो आणि बरंही वाटतं. पण कधी कधी तो रक्तात उतरतो. एकदा रक्तात गेला की तो जागा शोधत फिरतो : हृदयाची झडप, मणके, सांधे, फुप्फुस. तिथे घर केलं की आजार साधा राहत नाही.

ओळखायचं कसं?

पुढच्या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा :

- हुडहुडी भरून ताप, आणि अंगावर कुठेतरी गळू, जखम किंवा नळी आहे.
- सलाईन लावलेली जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला.
- तापासोबत नवी, थांबत नसलेली पाठदुखी किंवा कंबरदुखी. पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर एक तासही थांबू नका.
- एखादा सांधा सुजून गरम झाला. लहान मूल तापात लंगडायला लागलं किंवा पाय टेकेना.
- श्वास जोरात चालू, हातपाय गार, लघवी कमी, बोलणं असंबद्ध, माणूस सुस्त.

एक गोष्ट लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसांना, डायलिसिसवाल्यांना, स्टेरॉइड घेणाऱ्यांना कधी कधी ताप येतच नाही. नुसतं 'अब्बा आज वेगळेच वाटतात' एवढंच असतं. घरच्यांच्या या वाटण्याला किंमत द्या. माणूस फारच ढासळला असेल तर १०८ ला फोन करा.

ब्लड कल्चर म्हणजे काय?

साध्या रक्ततपासणीत पेशी वाढलेल्या दिसतात, पण जंतूचं नाव कळत नाही. नाव कळायला ब्लड कल्चर लागतं. हाताची कातडी नीट साफ करून, शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन खास बाटल्यांत भरतात आणि जंतू वाढतो का ते पाहतात. हे रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेणं चांगलं, नाहीतर जंतू दबून जातो आणि रिपोर्ट फसवा येतो. मात्र माणूस गंभीर असेल तर डॉक्टर कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. मेडिकलमधून आणलेली उरलीसुरली अँटिबायोटिक दवाखान्यात जाण्याआधी देऊ नये, त्याचं कारण हेच. दिलीच असेल तर लपवू नका, पाकीट सोबत न्या.

याच घराण्यातला एक सौम्य जंतू आपल्या कातडीवर असतो. तो एकाच बाटलीत आला तर पुष्कळदा ती रक्त घेतानाची भेसळ असते. ऑरियसचं तसं नाही. तो एका बाटलीत जरी आला तरी खरा मानूनच उपचार करतात.

उपचार, आणि घरच्यांची चूक

उपचाराचे तीन पाय आहेत. पहिला, शिरेतून योग्य औषध. जंतू साध्या औषधांना दबणारा असेल तर सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिनच्या घरातलं इंजेक्शन उत्तम. काही जंतू या औषधांना जुमानत नाहीत, त्यांना एमआरएसए म्हणतात. त्यांच्यासाठी व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन लागतं. 'आणखी भारी इंजेक्शन द्या' असा आग्रह धरू नका. साध्या जंतूवर सेफाझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं.

दुसरा, मूळ जागा साफ करणं. पू असेल तर काढावाच लागतो, दूषित नळी असेल तर बदलावी लागते. आत पू ठेवून नुसती इंजेक्शनं घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तिसरा, जंतू गेला का याचा पुन्हा पुन्हा पुरावा. दर एक-दोन दिवसांनी कल्चर परत करतात, ते निगेटिव्ह येईपर्यंत. हृदयाच्या झडपांसाठी इको करतात, पाठ दुखत असेल तर मणक्याचा एमआरआय. हे खर्च वाढवायला नसतं. आजार कुठे लपला आहे ते यातूनच कळतं.

औषध किती दिवस? अगदी साधा प्रकार असला तरी कमीत कमी १४ दिवस, आणि ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. झडप किंवा मणका धरला असेल तर चार ते सहा आठवडे, कधी जास्त.

आमचं इथेच चुकलं. सहाव्या दिवशी ताप गेला. मामू जेवायला लागले. रमजान तोंडावर आला होता आणि खिसाही रिकामा होत होता. नवव्या दिवशी घरच्यांनी सही करून त्यांना घरी आणलं. तीन आठवड्यांनी कंबर अशी धरली की कूस बदलता येईना. मणक्यात पू झाला होता. पुन्हा भरती, पुन्हा सहा आठवडे. मामू वाचले, अल्हम्दुलिल्लाह, पण आजही काठी घेऊन चालतात. डॉक्टर नको म्हणत होते. सही आमची होती.

१९४१ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस याच जंतूसह आणखी एका जंतूच्या लागणीने आजारी होता. त्याला पेनिसिलिन टोचलं आणि तो झपाट्याने सुधारला. पण तेव्हा औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून वापरलं, तरी पाच दिवसांत संपलं. आजार उलटला आणि १५ मार्चला तो वारला. त्याच वर्षी बोस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या १२२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. रक्तात हा जंतू गेलेल्यांपैकी ८२ टक्के दगावले होते. आज उपचार असूनही शंभरातले वीस ते तीस दगावतात. त्या बिचाऱ्याकडे औषध संपलं होतं. आपल्याकडे औषध असतं आणि आपणच मधे सोडतो.

डॉक्टरांना विचारा

अदबीने, पण नक्की विचारा : कल्चरमध्ये कोणता जंतू आला? तो कोणत्या औषधाला दबतो? मूळ जागा सापडली का? इको झाला का? पुढचं कल्चर निगेटिव्ह आलं का, आणि औषध कोणत्या तारखेपर्यंत आहे? उत्तरं वहीत लिहा. पैशांची अडचण असेल तर घरी पळण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा सरकारी रुग्णालयात हलवता येईल का ते विचारा. उरलेली इंजेक्शनं रोज येऊन घेता येतील का, पुढे गोळ्या चालतील का, हेही डॉक्टरच ठरवू शकतात.

रोजच्या सवयी

गळू दाबू नका, सुईने फोडू नका. मोठं असेल तर डॉक्टरांकडून चीर देऊन घ्या. जखम झाकून ठेवा, साबणाने हात धुवा, टॉवेल आणि वस्तरा ज्याचा त्याचा वेगळा. न्हाव्याकडे आणि हिजामा करताना नवं ब्लेड डोळ्यांसमोर उघडायला सांगा. शुगरवाल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावं. पट्टी ओली करायची नाही असं डॉक्टर म्हणाले तर वजूत पट्टीवर मसहची सवलत आहे, आणि आजारी माणसाला रोजाचीही. तपशील आपल्या मौलाना साहेबांना विचारा, पण इंजेक्शन चुकवू नका.

मामू आता प्रत्येक भाच्याला एकच सांगतात : "ताप उतरला म्हणजे बीमारी गेली, असं समजू नका." ही गोष्ट आज घरात बसून मोठ्याने वाचा, खास करून ज्या घरात शुगरचा किंवा डायलिसिसचा माणूस आहे तिथे.