छापखान्यात काम देताना

बाबासाहेबांचा दादरचा भारतभूषण छापखाना त्यांचे पुत्र भैय्यासाहेब सांभाळीत. पुढे त्याचेच नाव बुद्धभूषण झाले. १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले, तेही तेथेच छापले जाई.

आपल्या नागपुरातही बाप-लेक मिळून चालविणारे छापखाने आहेत. लग्नपत्रिका, हँडबिले, स्मरणिका, पावतीपुस्तके सारे तेथे होते. पावतीवर क्रमांक व स्थळप्रत मागून घ्यावीच; बँकेत बसणाऱ्या आम्हाला घोळ नेमका तेथेच सापडतो.

प्रूफ मात्र स्वतः वाचावे. ऑफसेटची प्लेट झाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवी प्लेट, नवा खर्च. एकदा पत्रिकेत वंदनेची वेळ चुकली. प्रूफवर सही आमचीच! शेवटी चारशे पत्रिका रात्रभर बसून पेनाने दुरुस्त केल्या.