पोटाची चरबी, छातीवर

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर पोटाच्या चरबीपासून नवा स्तन घडवता येतो, हे सांगितलं की ‘हे परदेशी, श्रीमंतांचं खूळ’ असा शेरा मुळशीपासून पुण्यापर्यंत कुठेही ऐकू येईल. खुळाचं मूळ मात्र याच भागात सापडतं. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका देशी शस्त्रवैद्याने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकिकत सचित्र छापली. कातडीचा देठ शाबूत ठेवला होता, त्यातून रक्त येत राहिलं, म्हणून नाक जगलं. आज पोटाची चरबी आणि कातडी पूर्ण सोडवून तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना शिवतात, एवढाच फरक. ऊती स्वतःचीच असल्यामुळे शरीर ती नाकारत नाही. खरा धोका जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा, आणि क्वचित त्यापायी सगळा भाग गमवावाही लागतो. म्हणून सुरुवातीचे दिवस त्याचा रंग नि ऊब सारखी तपासत राहतात.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे नव्या स्तनाआड कॅन्सर लपतो. हा समज अडाण्यांचा नाही. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू अमेरिकी सर्जन हॉलस्टेड यांचाही अशा पुनर्रचनेला विरोध होता. इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा स्नायू वापरून दाखवलेली पद्धत त्यामुळे काही दशकं अडगळीत पडली. प्रत्यक्षात रोग उलटला तर तो बहुतेकदा कातडीत वा कातडीलगत दिसतो, आणि ती जागा हाताला लागते. पुनर्रचनेने रोग उलटण्याचं प्रमाण वाढत नाही, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. पोट कमजोर होतं, हा आक्षेप मात्र निराधार नव्हता: १९८२ मध्ये हार्टरॅम्फ यांनी मांडलेल्या पद्धतीत पोटाचा स्नायूही जायचा. आता तो जागेवर ठेवून फक्त चरबी, कातडी आणि वाहिन्या घेता येतात.

‘हा नटवेपणा, विमा कशाला देईल?’ विमा नियामकाच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे, पण कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. शस्त्रक्रिया लांबलचक असते, पूर्वीची संवेदना पूर्ण परतत नाही, हे मान्यच. ती नको म्हणणंही तितकंच रास्त. घाईही नाही: रेडिएशन द्यायचं असेल तर पुनर्रचना अनेकदा पुढे ढकलतात, आणि ती काही वर्षांनीही करता येते. सिझेरियनचा व्रण सहसा आड येत नाही. पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया आधीच झाली असेल, तर मात्र पोटाऐवजी पाठ किंवा मांडीकडे वळावं लागतं.