दुर्बोध कादंबरीची शिफारस

पदव्युत्तर वर्गात एखादी कादंबरी सुचविताना ‘अवश्य वाचा’ एवढेच सांगण्याची प्रथा आहे. सरळ कथानकाच्या कादंबरीस एवढे पुरते. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (१९२२) सारख्या ग्रंथास पुरत नाही. विद्यार्थी काही पृष्ठे वाचतो, अडतो आणि उणीव आपलीच, असे मानून ग्रंथ मिटतो. पुढे समीक्षकांचे अभिप्राय तेवढे त्याच्या हाती राहतात. वास्तविक तो कोठे अडला, हे पाहणे अधिक उद्बोधक होय.

बहुधा तो तिसऱ्या प्रकरणात अडतो. पहिल्या दोन प्रकरणांत स्टीफन डेडलसच्या विचारांना संवादांचा आधार आहे. तिसऱ्यात तो समुद्रकिनाऱ्यावर एकटाच चालतो, आणि तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, परभाषांतील शब्द यांची गर्दी कोणत्याही खुलाशाविना उसळते. परंतु चौथ्या प्रकरणात घड्याळ पुन्हा सकाळच्या आठांवर येते आणि लिओपोल्ड ब्लूम हा जाहिराती मिळविणारा गृहस्थ न्याहारीच्या खटपटीत भेटतो. त्याचीही वाक्ये तुटकच, पण ती समोरच्या वस्तूंना धरून असतात. तेव्हा तिसरे प्रकरण जड जाईल त्याने चौथे आधी वाचावे व मागाहून परतावे. कथाकालाच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही. शुद्धतावाद्यांना ही सूचना रुचणार नाही, पण ग्रंथ कपाटात पडून राहण्यापेक्षा ती बरी. होमरच्या महाकाव्याशी असलेली समांतरता उलगडणारे स्ट्युअर्ट गिल्बर्टचे विवेचन (१९३०) प्रसिद्ध आहे. ते मागाहून वाचावे, असे माझे मत आहे. अगोदर वाचल्यास ब्लूम हरवतो आणि कोष्टक तेवढे उरते.

मराठी विद्यार्थ्यास याहून जवळची वाट आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये संज्ञाप्रवाहाचेच तंत्र आहे. तेथे भाषा आपली असल्यामुळे जी अडचण उरते ती तंत्राची, आणि ती ओळखता आली म्हणजे ‘युलिसिस’मधील निम्मे भय ओसरते.

जॉइसच्याच ‘फिनेगन्स वेक’ (१९३९) ची गोष्ट निराळी. तेथे अनेक भाषांतून घडविलेला जवळजवळ प्रत्येक शब्दच अडवितो, आणि अखेरचे अपुरे वाक्य ग्रंथारंभीच्या वाक्यात पूर्ण होते. म्हणजे ग्रंथ ‘संपविला’ असे म्हणण्यास जागाच नाही. येथे संपूर्ण ग्रंथ सुचवू नये. ‘अ‍ॅना लिव्हिया प्लुराबेल’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण तेवढे सुचवावे. त्याच्या अखेरच्या भागाचे जॉइसने स्वतः केलेले वाचन १९२९ साली ध्वनिमुद्रित झाले आहे. ते प्रथम वर्गात ऐकवावे आणि छापील पृष्ठ मागाहून हाती द्यावे.