टँकरच्या पाठीवरचा मजकूर

महामार्गावर आपल्यापुढे एखादा टँकर चाललेला असतो. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ असते, कधी एखादा शेरही असतो. शेर आपण हटकून वाचतो. त्याच्याच शेजारच्या चौकटीतले आकडे मात्र कुणी वाचत नाही. अपघात झाला, तर उपयोगी पडणारा मजकूर तोच.

या चौकटीत मालाचे नाव असते आणि चार आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन. देश बदलला, भाषा बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह असते. धोकादायक मालाचे एकूण नऊ वर्ग, त्यांपैकी हा कोणता ते त्यावरून कळते. आणखी एक छोटी खूण अग्निशमन दलासाठी असते. पेट्रोलची खूण ‘३ वाय ई’. यातला तीन सांगतो, की आग फेसाने विझवा. ‘ई’ सांगते, की आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत एवढा मजकूर बसवणे कवीलाही जमणार नाही!

आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे सारे आले. ही चौकट वाहनावर तीन ठिकाणी हवी. माल पाठवणाऱ्याने त्याची पूर्ण माहिती वाहतूकदाराला द्यायची, वाहतूकदाराने ती चालकाला समजावून सांगायची आणि चालकाने तो कागद केबिनमध्ये हाताशी ठेवायचा. चालकासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावे, अशीही अट घातली गेली. म्हणजे हा कायदा मुळात वाचता येण्यावर उभा आहे.

पुढे उपग्रहावरून माग ठेवणारी यंत्रे आली. राष्ट्रीय परवाना नसलेल्या, पण धोकादायक माल नेणाऱ्या मध्यम व जड मालवाहनांच्या नव्या मॉडेलना सप्टेंबर २०२२पासून असे यंत्र सक्तीचे झाले. वाहन कुठे आहे, हे त्यामुळे दूर बसलेल्या माणसाला कळते. पण टँकर उलटला, तर पहिली काही मिनिटे तिथे हजर असतो तो आपणच.

२०१७च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. ईद दुसऱ्या दिवसावर आली होती. आसपासची माणसे भांडी, कॅन घेऊन सांडलेले पेट्रोल भरायला धावली. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक जीव गेले. डिसेंबर २०२४मध्ये जयपूर-अजमेर रस्त्यावर वळण घेणाऱ्या गॅस टँकरला ट्रक धडकला, गॅस पसरला, पेटला आणि रांगेतली वाहने जळाली. सुमारे वीस माणसे दगावली.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे. टँकर उलटलेला दिसला, तर जवळ जाऊ नये. वारा ज्या दिशेकडून येतो, त्या बाजूला दूर जावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो सखल जागी साचतो. तिथे थांबू नये. काडी, विडी, गाडीचा स्टार्टर, सगळे टाळावे. दूर गेल्यावर ११२ला फोन करावा आणि लांबून दिसला असेल, तर तो चार आकडी क्रमांक सांगावा. तेवढ्यावरून येणाऱ्या बंबाला काय घेऊन निघायचे ते कळते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)