शितावरून भाताची परीक्षा : नमुना-निवडीची तत्त्वे

सामाजिक शास्त्रांतील प्रबंधांमध्ये ‘अभ्यासासाठी २०० कुटुंबांची यादृच्छिक पद्धतीने निवड केली’ अशा आशयाचे वाक्य बहुधा असतेच. हे वाक्य खरे असेल तर प्रबंधाचे निष्कर्ष त्या २०० कुटुंबांपलीकडे जाऊन संपूर्ण तालुक्याविषयी काही सांगू शकतात. केवळ लिहिण्याची रीत म्हणून ते लिहिले असेल, तर अखेरच्या प्रकरणातील टक्केवारी फक्त त्या २०० कुटुंबांपुरती खरी राहते. निष्कर्षांना किती दूर जाण्याचा अधिकार आहे, हे विश्लेषणाच्या सूत्रांपेक्षा निवडीच्या रीतीवरून अधिक ठरते.

ज्या सर्व व्यक्ती, कुटुंबे किंवा वस्तू यांच्याविषयी विधान करावयाचे असते त्यांच्या समूहास समष्टी म्हणतात, आणि तीतून प्रत्यक्ष तपासणीसाठी घेतलेल्या भागास नमुना. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण याच व्यवहाराची आहे. तथापि ती खरी ठरते ती एका अटीवर : भात एकाच पातेल्यातला व सारखा शिजलेला असला पाहिजे. मनुष्यसमाज असा सारखा शिजलेला नसतो. जात, जमीन, शिक्षण, व्यवसाय यांनी त्याचे थर पडलेले असतात आणि वरचे शीत हाताला सर्वांत आधी लागते. नमुना-निवडीचे सारे शास्त्र म्हणजे हाताला सहज लागणाऱ्या शितापासून संशोधकाने स्वतःला कसे वाचवावे, याचा विचार होय.

नमुना मोठा घेतला की हा धोका टळतो, असा एक समज आहे. अमेरिकेतील १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीने तो कायमचा खोटा ठरविला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने त्या वेळी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी सुमारे २३ लाख ७६ हजार भरून परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होतील, असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली व ४८ पैकी ४६ राज्ये त्यांच्या बाजूने गेली. साप्ताहिकाने नावे मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात या याद्यांत सुस्थितीतील लोकांचा भरणा अधिक होता. शिवाय मतपत्रिका परत पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचा राजकीय कल सारखा नव्हता. निवडीतील असा एकाच दिशेचा कल, म्हणजे अभिनती, संख्या वाढविल्याने कमी होत नाही. चुकीचे उत्तर मात्र अधिक ठाम दिसू लागते.

मग संशोधकाने स्वतःच विचारपूर्वक प्रातिनिधिक नमुना का निवडू नये? हा प्रयोगही झालेला आहे. इटलीच्या १९२१ च्या जनगणनेतील काही सामग्री जतन करण्यासाठी जिनी व गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी २१४ जिल्ह्यांतून २९ जिल्हे असे निवडले, की सात महत्त्वाच्या बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. त्या सात सरासऱ्या जुळल्या. परंतु त्यांखेरीज इतर बाबी तपासताच नमुना व देश यांत मोठी तफावत आढळली. १९३४ साली नेमन यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात याची मीमांसा केली आणि यादृच्छिक निवडीला भक्कम सैद्धांतिक पाया दिला. त्यांतून निघणारे तात्पर्य असे की, ‘प्रातिनिधिकता’ हा हाती आलेल्या नमुन्याकडे पाहून ओळखता येणारा गुण नव्हे. तो निवडीच्या प्रक्रियेचा गुण आहे.

ही प्रक्रिया कोणती? समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची काही तरी संधी असावी, ती शून्य नसावी आणि ती किती होती हे सांगता यावे, एवढीच तिची अट आहे. संधी सर्वांना समानच असावी, असे नाही. यादृच्छिक याचा अर्थ स्वैर असा नव्हे. बाजाराच्या दिवशी चावडीपाशी भेटतील त्यांना प्रश्न विचारणे ही यादृच्छिक निवड नव्हे. कारण शेतावर गेलेल्याची, आजाऱ्याची किंवा घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रीची संधी तेथे किती होती, हे कोणासच सांगता येणार नाही.

संधी सांगता यावी यासाठी प्रथम समष्टीची सूची हवी. मतदारयादी घेतली तर १८ वर्षांखालील व्यक्ती व नाव न नोंदविलेले स्थलांतरित गळतात. २०११ च्या जनगणनेतील गावांची व घरांची यादी घेतली तर त्यानंतर वसलेल्या वस्त्या गळतात. सूचीत नसलेल्याची संधी शून्य असते. म्हणून सूचीतील उणिवा आधी तपासून शक्य तेथे घरोघर नोंद करून घेणे हे निवडीच्या कामाचेच अंग होय.

सूची हाती आल्यावर चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने साधा नमुना घेता येतो. २,४०० कुटुंबांतून १२० हवी असल्यास १ ते २० मधील एक अंक चिठ्ठीने ठरवून तेथून पुढे दर विसावे कुटुंब घेण्याची पद्धतशीर रीतही सोयीची आहे. मात्र चाळीच्या प्रत्येक मजल्यावर नेमक्या २० खोल्या असतील, तर निवडलेली प्रत्येक खोली मजल्यावरील एकाच जागेची, कदाचित केवळ कोपऱ्याचीच, येईल. समष्टीतील भिन्न थर आधीच ठाऊक असल्यास प्रत्येकातून स्वतंत्र नमुना घेणे श्रेयस्कर. यास स्तरित निवड म्हणतात. बागायत व जिरायत गावे वेगळी केल्यास एकाच प्रकारची गावे योगायोगाने अधिक येण्याचा धोका उरत नाही.

संपूर्ण जिल्ह्याच्या कुटुंबांची सूची क्वचितच मिळते. अशा वेळी आधी गावे व मग त्यांतील कुटुंबे, अशी टप्प्याटप्प्याने निवड करावी लागते. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने हीच बहुसोपानी रीत देशव्यापी प्रमाणावर राबविली. येथे एक खाचखळगा आहे. एका गावात २,००० व दुसऱ्यात १०० कुटुंबे आहेत, दोन्ही गावांना समान संधी दिली आणि निवडलेल्या गावातून १० कुटुंबे घेतली, तर लहान गावातील कुटुंबाची संधी मोठ्या गावातील कुटुंबाच्या वीसपट होते. गावांना त्यांच्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात संधी दिली की हा फरक नाहीसा होतो. तसे केले नसल्यास निष्कर्ष काढताना त्या त्या कुटुंबाला योग्य भार द्यावा लागतो.

नमुना किती मोठा असावा, या प्रश्नाला ‘समष्टीच्या १० टक्के’ हे रूढ उत्तर निराधार आहे. साध्या यादृच्छिक निवडीने ४०० कुटुंबे घेतली आणि एखादी गोष्ट त्यांपैकी निम्म्यांत आढळली, तर शंभरांतील ९५ वेळा होणारी चूक सुमारे ५ टक्क्यांच्या आत राहते. समष्टी चार लाख कुटुंबांची असली तरी ही मर्यादा तेवढीच असते. चार हजारांची असली तर ती थोडीच कमी होऊन साडेचार टक्क्यांच्या किंचित वर येते. चूक निम्मी करावयाची तर नमुना दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १,६०० चा लागतो. एकाच गावातील कुटुंबे बहुधा परस्परांसारखी असल्यामुळे बहुसोपानी निवडीत यापेक्षा अधिक संख्या घ्यावी लागते.

निवड निर्दोष झाली तरी क्षेत्रावर ती बिघडू शकते. १९४० च्या दशकात पिकांच्या उताऱ्याच्या पाहणीत डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला तर उतारा वास्तविकाहून अधिक येतो. सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने सीमेचा भाग मोठा.

मनुष्यांच्या पाहणीत हेच बंद दारापाशी घडते. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. जानेवारीत गेलेल्या संशोधकाला निवडलेल्या घरांपैकी काहींना कुलूप दिसेल. त्याने सोयीसाठी शेजारचे उघडे घर घेतले, तर आकडा २०० चा २०० च राहील. परंतु गावातील स्थलांतर, कर्ज आणि मुलांची शाळागळती ज्या घरांत सर्वांत अधिक असण्याचा संभव, नेमकी तीच घरे अभ्यासातून नाहीशी होतील. त्या अहवालावरून वसतिगृहाची किंवा रेशनाची गरज ठरविली गेल्यास कागदावरच्या या सोयीची किंमत त्या कुटुंबांना मोजावी लागेल. बंद घराला उपाय म्हणजे पुन्हा भेट देणे, हंगाम संपल्यावर पाहणी ठेवणे किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन माहिती घेणे. तरीही न भेटलेल्यांची संख्या व कारणे प्रबंधात नोंदविलीच पाहिजेत.

प्रत्येक अभ्यास यादृच्छिक असलाच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. ज्यांची सूची होऊच शकत नाही अशा समूहांचा शोध एकाकडून दुसऱ्याकडे जात घ्यावा लागतो, आणि एखाद्या प्रक्रियेचे मर्म समजून घेण्यास हेतुतः निवडलेली दहा माणसेही पुरी पडतात. मात्र अशा अभ्यासाने ‘कसे’ व ‘का’ यांची उत्तरे द्यावीत, ‘किती टक्के’ याचे नव्हे. समष्टी कोणती, सूची कोणती व तीतून कोण गळले, निवड कोणत्या रीतीने झाली, किती भेटले आणि किती भेटले नाहीत, या गोष्टी ज्या प्रबंधात स्पष्ट लिहिलेल्या असतात त्याचा नमुना लहान असला तरी वाचकाला त्यावर किती विसंबावे हे कळते. त्या लिहिलेल्या नसतील, तर ‘यादृच्छिक’ हा शब्द गाळणेच प्रामाणिकपणाचे होय.