तेरची शैक्षणिक सहल : पूर्वतयारी, दर्शन व नोंद

शैक्षणिक सहल हा आता बहुतेक शाळांच्या वार्षिक कार्यक्रमाचा भाग झालेला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पुष्कळदा असे आढळून येते की, मुले देवदर्शन घेतात, शिदोरी सोडतात, चार खेळ खेळतात आणि सायंकाळी परततात. दुसऱ्या दिवशी “काय पाहिले?” असे विचारले असता “देऊळ पाहिले” एवढेच उत्तर मिळते. हा दोष मुलांचा नव्हे. काय पाहावयाचे व कसे पाहावयाचे, हे आपण त्यांना आधी सांगितलेले नसते. आपल्याच जिल्ह्यातील तेर या गावाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

तगर नगराचा परिचय

तेरणा नदीच्या काठचे तेर हे आज एक मोठे खेडे दिसते. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ नावाचे भरभराटलेले नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या मार्गदर्शिकेत तगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्यात दिले असून, तगराहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास नेत, असे म्हटले आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःस तगर नगराचे अधिपती म्हणवीत. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली साधार मांडले.

सहलीपूर्वी एक तास नकाशासाठी ठेवावा. तेर पैठणच्या नेमक्या पूर्वेस नसून आग्नेयेकडे आहे, हे मुलांनी स्वतः शोधावे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते. त्यास दहाने भागले म्हणजे भरलेल्या गाडीची एका दिवसाची मजल अंदाजे कळते. प्रत्यक्ष वाट वळणाची असल्याने ती काहीशी अधिक असणार, हेही मुले बोलून दाखवितील. असा इतिहास, भूगोल व गणित यांचा मेळ एरवी क्वचितच साधतो.

काय पाहावे

त्रिविक्रमाचे मंदिर प्रथम पाहावे. हे विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धगोल व छत हत्तीच्या पाठीसारखे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे चित्र सोबत न्यावे व दोन्ही आकार मुलांना ताडून पाहू द्यावेत. या साम्यावरूनच कझेन्स या पुरातत्त्ववेत्त्याने हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अनुमान काढले. आंध्रातील चेजर्ला येथेही याच घडणीचे मंदिर आहे. एका वास्तूकडे पाहून अनुमान कसे करतात, याचा हा सुंदर पाठ होय.

उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. येथील जुन्या विटा वजनाने इतक्या हलक्या असतात की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवून वीट भाजली म्हणजे भुसा जळून जातो व त्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात, हे तत्त्व सांगावे. शाळेत परतल्यावर भुसा घातलेली व न घातलेली अशा दोन लहान विटा भाजून त्यांची वजने मुलांकडून करवावीत.

वस्तुसंग्रहालयात मुलांना सर्व कपाटांपुढून पळवू नये; पाच वस्तू निवडून त्याच सावकाश दाखवाव्यात. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य असावी. अशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. अर्थात ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचलेली होती. मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती व सातवाहनांची नाणी यांतून उरलेल्या चार वस्तू निवडता येतील. संग्रहालयाचा सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा.

अखेरीस संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. मडके कच्चे की पक्के हे थापटून ओळखणाऱ्या या कुंभार संताने संतमेळाव्यात नामदेवांची परीक्षा केल्याची कथा मुलांना ठाऊक असते. तिचाच धागा धरून सांगावे की, संशोधकही खापराचा रंग, जाडी व भाजणी पाहून त्याचा काळ ओळखतो.

एक चूक

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते. मी नवशिक्या शिक्षक असताना मुलांनी गावाच्या पांढरीवरून मणी, खापरे व एक नाणे गोळा करून आणले. मी त्यांना शाबासकी दिली व सर्व वस्तू एका पेटीत भरून ठेवल्या. कोणती वस्तू कोठे, किती खोलीवर व कशासोबत मिळाली याची नोंद मात्र केली नाही. काही वर्षांनी एका जाणत्या अभ्यासकाने ती पेटी पाहिली व खेदाने मिटून परत दिली. वस्तू होत्या, पण त्यांची साक्ष नष्ट झाली होती. आणि ती माझ्याच हातून झाली होती.

तेर येथे १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले, तेव्हा मातीचा एकेक थर वेगळा ओळखून त्यातील वस्तूंची नोंद ठेवण्यात आली. म्हणूनच त्यातून इतिहास बोलू शकला. तीच माती शेतात टाकण्यासाठी वा धाब्याच्या घरावर पसरण्यासाठी खणून नेली असती, तर तगराचे एक पान कायमचे फाटले असते.

आपल्या गावाची पांढरी

तेरास जाणे प्रत्येक शाळेस दरवर्षी शक्य होणार नाही. परंतु आपल्याकडील पुष्कळ गावांना जुनी पांढरी आहे आणि तिच्या पोटात पूर्वजांच्या चुली, रांजण व खेळणी आहेत. सहलीवरून परतल्यावर शिक्षकांनी पुढील तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलांसह पांढरीचा साधा नकाशा काढून शाळेत लावावा. दुसरी, काही उघडे पडलेले दिसल्यास ते जागचे न हलविता जागा, दिनांक व वर्णन वहीत लिहावे. तिसरी, माती खणली जात असल्यास ग्रामसभेत त्याचे महत्त्व समजावून सांगावे. भूमीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे, हेही पालकांना सांगावे.

सहलीचे यश किती स्थळे पाहिली यावर मोजू नये. परतलेला विद्यार्थी आपल्या गावच्या पांढरीवरून जाताना पायाखालचे खापर खिशात न घालता क्षणभर वाकून पाहील व वहीत त्याची नोंद करील, तर ती सहल सफल झाली असे खुशाल समजावे.